नमुना घराची वास्तुशांत

"वाढवा, गुरुजी, वाढवा!" नलावडे माझ्या कानाशी लागून म्हणाले. "मंत्रीमहोदय अजून कराडातच आहेत. नाश्ता चाललाय म्हणे."

"अहो, काय वाढवू?" मी हातातल्या अक्षता ताम्हनात टाकल्या. "पाच मिनिटांचं काम म्हणून बोलावलंत. गणपतीपूजन झालं, पुण्याहवाचन झालं. आता नारळ फोडायचा आणि मी माझ्या वाटेला लागायचं, असंच ठरलं होतं ना?"

"ते मंत्री वेळेवर आले असते तर! आता कॅमेरेवाले उठून गेले तर दादासाहेब माझी सालटी काढतील. एवढे मंत्र येतात तुम्हाला, म्हणा की काहीतरी!"

नलावडे म्हणजे 'परवडणारे भाडेघर परिषदे'चे कार्यवाह. सदा घामेजलेला, सदा कुणाला तरी घाबरलेला माणूस. आणि ज्यांना ते घाबरायचे ते दादासाहेब रेठरेकर, परिषदेचे संस्थापक-अध्यक्ष. या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली, पण सांगलीच्या त्या मैदानावरचा फलक मला आजही तोंडपाठ आहे. 'प्रत्येकाला छप्पर, भाडं खिशाबरोबर!' खाली दादासाहेबांचा हात जोडलेला फोटो, तोही छपरापेक्षा मोठा.

परिषद तीन दिवसांची. मंडप, भाषणं, परिसंवाद, दुपारी मसालेभात. आणि मैदानाच्या कोपऱ्यात लोकांनी बघावं म्हणून एक नमुना घर. एक खोली, ओटा, मागे न्हाणी, वर पत्रा. गरिबाला परवडेल असं घर बांधता येतं हे सरकारला दाखवायचं होतं. भिंती मात्र खऱ्या विटांच्या, कारण दादासाहेबांच्या जावयाचा विटांचा कारखाना होता आणि विटाही लोकांना दाखवायच्या होत्या. तीन दिवस बघायचं, चौथ्या दिवशी पाडायचं आणि विटा परत न्यायच्या, असा बेत.

मला का बोलावलं? तर दादासाहेब माझे घरमालक. बाजारपेठेत त्यांची 'आश्रय' नावाची तीन मजली इमारत होती, तिच्या जिन्याखालच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. वरचा अख्खा मजला कुलूपबंद. कितीतरी वर्षं तिथं कबुतरांखेरीज कुणी राहिलं नव्हतं. "भाडेकरू घेतला की डोक्यावर बसतो," असं दादासाहेब घरी म्हणायचे. व्यासपीठावर म्हणायचे, "भाडेकरू हा समाजाचा कणा आहे." दोन्ही वाक्यं म्हणताना आवाज तोच, भरदार.

माझा करार अकरा महिन्यांचा. ते भरले की मी माझे देव, वळकटी आणि पंचपाळं घेऊन दोन दिवस मारुतीच्या देवळात जाऊन बसायचं. तेवढे दिवस खोलीला दादासाहेबांचं कुलूप. मग नवा करार. मला कसला हक्क चिकटू नये म्हणून ही काळजी. लग्नाचं म्हणाल तर मुलीचे वडील चहाचा कप खाली ठेवण्याआधी विचारायचे, "स्वतःची वास्तू आहे ना?" मी जिल्हाभर लोकांच्या वास्तुशांती करत हिंडत होतो, स्वतःची एकही झाली नव्हती. मुलीचे वडील चहा मात्र पिऊन जायचे.

तर त्या दिवशी पाटावर कोण बसायचं यावरून आधीच गोंधळ झाला होता. दादासाहेबांनी सपत्नीक बसावं असं नलावडेंचं म्हणणं. माईसाहेब म्हणाल्या, "धुरानं माझा दमा उठतो. आणि ही पैठणी घालून मी खाली बसणार नाही." मग दादासाहेबांना सुचलं, "लाभार्थीच बसवा की! फोटो झकास येईल."

लाभार्थी म्हणून नलावडेंनी कृष्णेच्या पुलाखालून एक कुटुंब आणलं होतं. अंकुश डोईफोडे, त्याची बायको केशर आणि करिष्मा नावाची तिसरीतली मुलगी. अंकुश बाजारसमितीत हमाली करायचा, केशर हळद निवडायला जायची. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे पिवळे. भाडं द्यायची ऐपत होती दोघांची. पण खोली बघायला गेलं की मालक पत्त्याचा पुरावा मागायचा, आणि पुरावा मागायला कचेरीत गेलं की साहेब भाडेकरार मागायचा. असं करत करत पुलाखाली दोन उन्हाळे गेले होते.

"गोत्र काय?" मी संकल्पाच्या वेळी विचारलं होतं.

"म्हंजी?" केशर म्हणाली.

"घराण्याचं मूळ."

"ते काय ठाव न्हाई बगा. गाव सांगू का?"

"राहू दे. ठाऊक नसलं की काश्यप धरतात." मी संकल्प सोडायला लावला. तिनं पळीतलं पाणी तळहातावरनं ताम्हनात सोडलं आणि बारीक नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, ह्यात आमचं नाव घेतलं का तुमी?"

"घेतलं."

"कशाला?"

"ज्यांचं घर त्यांचं नाव घ्यावं लागतं."

"अवो, पर हे आमचं न्हाई की! चौथ्या दिसाला पाडनार हायत."

"मंत्रात 'तीन दिवसांपुरतं' असं म्हणायची सोय नाही, बाई," मी म्हटलं. केशरनं पदर नीट सावरून घेतला. अंकुशला कोपरानं ढोसून म्हणाली, "नीट बसा जरा, मांडी घाला."

आणि आता हे नलावडे म्हणत होते, वाढवा.

मग मी वाढवलं. मला तरी दुसरं काय येत होतं? नवग्रह मांडले. होम पेटवला. धूर मंडपात शिरला तशा माईसाहेब शिंकत शिंकत गाडीत जाऊन बसल्या. नलावडे मोबाइल कानाला लावून धावत आले. "पेठनाक्याला सत्कार चाललाय. वाढवा!" मी ग्रहांच्या आहुत्या सुरू केल्या. नलावडे पुन्हा आले. "आष्ट्यात चहा घेतायत. वाढवा!" मी अंकुशच्या हाती सुताची गुंडी दिली आणि घराभोवती सूत गुंडाळायला लावलं. पुढे तो, मागे दुधाची धार धरून केशर, तिच्या मागे करिष्मा, आणि मी सूक्त म्हणत शेवटी. मंडपात 'बेघरांचा प्रश्न : नव्या दिशा' हा परिसंवाद चालू होता, त्यातले निम्मे लोक उठून आमच्याकडे बघायला आले. वक्ते भडकले, पण करतात काय!

होता होता सगळं संपलं. एकच गोष्ट उरली.

"अजून काय शिल्लक आहे?" नलावडेंनी विचारलं.

"वास्तुपुरुष पुरायचा राहिलाय. पण ते आपण करत नाही. ते खऱ्या घरात करतात."

"मूर्ती आहे का जवळ?"

होती. दुसऱ्या दिवशी एका बंगल्याची वास्तुशांत होती, तिच्यासाठी घेतलेला तांब्याचा वास्तुपुरुष माझ्या पिशवीत होता.

"मग काढा की! मंत्री आता पंधरा मिनिटांत येतील. तेवढंच होऊन जाईल," नलावडे म्हणाले.

मी पिशवीत हात घातला. मग म्हटलं, तुम्हीच म्हणताय ना, घ्या तर. अंकुशनं आग्नेय कोपऱ्यात खड्डा काढला. केशरनं दोन्ही हातांनी मूर्ती पालथी ठेवली. वर माती लोटून तिनं ती थोपटली, लेकराला थोपटावं तशी.

"आता ह्यो हितंच ऱ्हानार?" तिनं विचारलं.

"हो."

"पाडलं तरी?"

बाहेर सायरन वाजला आणि सगळे पळाले.

मंत्री आले, हार घातले गेले, भाषण झालं. त्यांनी केशरच्या हाती थर्माकोलची सोनेरी चावी दिली. उंचीला करिष्माएवढी होती. "ही चावी नव्हे, हा विश्वास आहे!" टाळ्या. मंत्र्यांची गाडी वळल्याबरोबर नलावडेंनी तो विश्वास केशरच्या हातातून काढून घेतला, कारण पुढच्या आठवड्यात तो कोल्हापूरच्या कार्यक्रमाला लागणार होता. घराच्या दाराला तर कडीसुद्धा नव्हती.

खरा बेत असा होता की डोईफोडे कुटुंबानं दिवसा नमुना घरात नमुन्यासारखं राहायचं, लोकांनी बघायचं, आणि संध्याकाळी प्रदर्शन बंद झालं की पुलाखाली परत जायचं. पहिल्याच संध्याकाळी केशर म्हणाली, "वास्तू बसली न्हवं? मग दिवा लावल्याबिगर घर टाकून कसं जायाचं?" नलावडे माझ्याकडे आले. मी म्हटलं, तिचं बरोबर आहे. ते राहिले. पाहुणे येत, ओटा बघत, केशरला विचारत, "कसं वाटतंय?" ती म्हणे, "चपला बाहीर काढा." दुसऱ्या दिवशी दारात रांगोळी आली, तिसऱ्या दिवशी तुळस. परिषद ठराव करत होती, केशर भाकरी करत होती.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. नलावडे. "चला लवकर! घर पाडता येईना झालंय!"

मैदानावर गेलो तर घराच्या दारात दस्तगीर मिस्त्री पहार टेकवून उभा. त्याची चार माणसं घमेली पालथी घालून त्यांवर बसलेली. घराच्या उंबऱ्यात केशर, मागे करिष्मा. दादासाहेब लालबुंद. परिषदेच्या यशाची बातमी घ्यायला आलेला एक वार्ताहर भलतीच बातमी मिळाल्यामुळे खुशीत.

"गुरुजी, हे काय करून ठेवलंत?" दादासाहेब माझ्यावर कडाडले. "हा म्हणतो वास्तू बसलीय, हात लावणार नाही!"

"तू मुसलमान ना रे?" नलावडे मिस्त्रीला म्हणाले. "तुला काय त्याचं?"

"माझं काय न्हाई ओ साहेब," दस्तगीर म्हणाला. "पर माझ्या मानसांनी कोपऱ्यात निवद बघितला आणि घमेली खाली टाकली. आता त्यांच्याकडनं विटा कशा काढून घिऊ? आणि खरं सांगू का? कुनाची बसल्याली जागा मीबी हलवत न्हाई. माझी पोरंबाळं हायत."

"मी नमुना सांगितला होता, गुरुजी! नमुना!"

"मी नमुन्याचीच केली, दादासाहेब. मंत्र तेवढे खरे होते. खोटे मला येत नाहीत."

"बरं बरं, आता मोकळं करा. गणपतीला नाही का हलवत? चार अक्षता टाका आणि काढा तो तुमचा पुरुष बाहेर."

"अक्षता यजमानांनी टाकायच्या असतात."

"मग मी टाकतो. मीच यजमान! खर्च कुणी केलाय?"

"पाटावर बसला तो यजमान. तुम्ही पुढच्या रांगेत सोफ्यावर होतात."

वार्ताहर खुदकन हसला. दादासाहेबांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "गुरुजी, तुमचे अकरा महिने कधी भरतायत हो?"

"ह्याच महिन्याअखेर."

"मग जरा विचार करून बोलत चला."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू! मारुतीच्या देवळातल्या गार फरशीची आठवण झाली. आता हो म्हणावं आणि अक्षता उधळाव्या, असं अगदी मनात आलं होतं. तेवढ्यात केशर उंबऱ्यातून उठून पुढे आली. हातात उलथनं तसंच.

"सायेब, आमाला फुकाट नको. भाडं घ्या. महिन्याच्या महिन्याला देतो."

"अगं बाई, हे मैदान सरकारचं आहे! इथं कशी राहशील तू?"

"मग दुसरीकडं द्या. परवा भाषनात तुमीच म्हनला, परत्येकाला छप्पर. हितंच बसून ऐकलं मी, भाकरी करपली ऐकता ऐकता." ती कोपऱ्याकडे वळली. "माझी वास्तू मी माझ्या हातानं काढती. पर ती दुसऱ्या घरात न्हेऊन बसवायची. उगड्यावर न्हाई न्हेनार. पुलाखाली तर न्हाईच न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चालंल का गुरुजी तसं?"

शास्त्रात तसं चालतं की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण तिचा चेहरा बघितला आणि भीती कुठल्या कुठे पळाली. "चालेल!" मी ठणकावून म्हटलं. "मात्र डोक्यावर पक्कं छप्पर हवं. आणि लगेच."

सगळे दादासाहेबांकडे बघायला लागले. वार्ताहरानं कॅमेरा वर केला. तो वर गेलेला दिसला की दादासाहेबांचा उजवा हात आपोआप उंचावायचा, तसा तो उंचावला.

"दिली!" दादासाहेब गरजले. "परिषद नुसती बोलत नाही! माझ्या स्वतःच्या 'आश्रय' इमारतीतली खोली मी या भगिनीला आजच भाड्यानं दिली! डिपॉझिट नको, पत्त्याचा पुरावा नको!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढे वरच्या मजल्याचं कुलूप निघत होतं, कबुतरं उडत होती. केशरनं उलथनं खाली ठेवलं आणि पदरात तोंड लपवून ती रडली. दस्तगीर मिस्त्रीनं उगाचच पहार पुसली. तिनं आणि अंकुशनं अक्षता टाकल्या, मी तोंडाला येईल ते म्हटलं, आणि वास्तुपुरुष करिष्माच्या ओंजळीत बाहेर आला.

मी गाडीपर्यंत दादासाहेबांच्या बरोबर गेलो. मन भरून आलं होतं. म्हटलं, "दादासाहेब, आज मानलं तुम्हाला. वरच्या मजल्यावर आग्नेय कोपरा कुठं येतो तेवढं जरा बघून घेतो."

"वरचा मजला?" दादासाहेब दचकले. "छे छे! तो कसा देता येईल? तिथं आमचं जुनं फर्निचर आहे. जिन्याखालची दिलीय."

"जिन्याखाली मी राहतो."

"राहत होतात. अकरा महिने भरले ना तुमचे? चार दिवस इकडं-तिकडं, त्याचं काय एवढं." ते गाडीत बसले आणि काच खाली करून मायेनं म्हणाले, "असं बघा गुरुजी, तुमची रोजची पूजा तिथं, खोली कशी प्रसन्न आहे. त्या बिचारीला तयार घर मिळेल. तुमचं काय, एकटा जीव. पुण्य लागेल तुम्हाला."

गाडी गेली. मी तिथंच उभा. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी होती, 'परिषदेने दिले बेघराला घर'. ते खरंच होतं. एक बेघर कमी झाला, त्याच दुपारी एक नवीन तयार झाला. परिषदेच्या हिशेबात दुसरा धरत नसावेत.

पण त्या दुपारी मी ठरवलं, केशरला सांगायचंच. का म्हणून सांगू नये? तिला कळू दे तिचा दाता कसा आहे ते. संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी घाईघाईनं देव गुंडाळले, वळकटी बांधून जिन्यामागे ठेवली आणि तोंडात वाक्य तयार धरून बसलो. तेवढ्यात ती मंडळी आली. अंकुशच्या डोक्यावर ट्रंक, केशरच्या कडेला कळशी, करिष्माच्या ओंजळीत वास्तुपुरुष. वाटेत कुठंही खाली ठेवला नव्हता म्हणे तिनं.

पोरगी आत शिरली, चारी भिंती बघितल्या आणि माझ्या सोवळ्याच्या खिळ्यापाशी जाऊन टाचा उंचावल्या. "आई, ह्या खिळ्याला माझं दप्तर लावू?"

मी वाक्य गिळलं.

पूजा मांडली. ज्या जमिनीवर मी इतकी वर्षं झोपलो तिची फरशी अंकुशनं कोपऱ्यात उचकटली. केशरनं मूर्ती ठेवली, माती थोपटली. नव्या चुलीवर दूध उतू घालवलं. मी दक्षिणा घेतली नाही, तर तिनं पेला भरून दूध हातात दिलं.

"गुरुजी, हितं आदी कोन ऱ्हात हुतं वो?"

"होता एक भाडेकरू."

"मग गेला कुटं?"

"त्याचे अकरा महिने भरले."

"गावली का त्येला दुसरी खोली?"

"गावेल की," मी म्हटलं. दूध इतकं गरम होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी तिला सांगितलं.

मग मी जिन्यामागनं वळकटी उचलली आणि देवळात गेलो. दोन दिवसांची सवय होती, आता वर्ष काढलं. सभामंडपात पथारी, खांबामागे देव. खोल्या बघायला जायचो तर मालक पत्ता विचारायचे. मी म्हणायचो, मारुतीचं देऊळ. पुढचं बोलणं तिथंच थांबायचं. केशरचं म्हणाल, तर तिचे अकरा महिने भरले तेव्हा दादासाहेब कुलूप घेऊन गेले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "वास्तू बसलीया." सामान बाहेर काढायला एक हमाल पुढे येईना. दादासाहेब कुलूप घेऊन परत आले.

आणि वर्षानं पुन्हा परिषद भरली. मैदान तेच, फलक तोच. नमुना घर मात्र प्लायवूडचं. वर्षभराच्या अनुभवातून परिषद एवढं शिकली होती. पूजा फक्त गणपतीची, असं नलावडेंना बजावलेलं. गुरुजीही नवे, नुकती मिसरूड फुटलेले, वाईहून आलेले. आणि लाभार्थी?

लाभार्थी मी.

त्या वर्षीचा विषय 'सुशिक्षित बेघर' असा होता. नलावडे मला देवळात येऊन विचारते झाले तेव्हा मान वर करत नव्हते. दादासाहेब मात्र खूष. "गुरुजी, तुमच्यासारखा चेहरा शोधून मिळाला नसता. फोटोत तेज येतं." बायको नाही म्हणून कमरेला सुपारी खोचून मी पाटावर बसलो. गणपतीपूजन झालं. नव्या गुरुजींनी नारळाला हात घातला.

नलावडे धावत आले. "थांबा, थांबा! मंत्री पेठनाक्याला आहेत. वाढवा!" मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे, वाढवा, पण थोडंसंच. फार नको."

"थोडंसं म्हणजे कुठवर?" त्या पोरसवद्या गुरुजींनी मला विचारलं.

मी काही बोलणार एवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. केशर. बघ्यांच्या गर्दीतून वाट काढत आली होती. हाताला तीच हळद.

"भिंतीवर गंधाच्या बोटांच्या खुना हुत्या, गुरुजी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पयल्याच दिशी बघितल्या मी. तवाच कळलं कुनाची खोली ते. बोलले न्हाई. बोलले असते तर निगावं लागलं असतं, आन् पोरीनं दप्तर अडकवलं हुतं." तिनं कनवटीचा रुमाल सोडून माझ्या हातात ठेवला. चांगला जड लागला. "सराफकट्ट्यावरनं आनला. तुमच्यात केवडा लागतो ते ठाव न्हाई. मोठा बघून आनलाय."

मी रुमाल उलगडला आणि आतली वास्तुपुरुषाची मूर्ती नव्या गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा प्लायवूडच्या भिंतींकडे.

"पण हे नमुना घर आहे ना?" ते चाचरत म्हणाले. "हे काही खरं घर नव्हे."

"खालची जमीन खरी आहे," मी म्हटलं आणि कमरेची सुपारी घट्ट केली. "माझं नाव नरहरी, गोत्र काश्यप धरा. वाढवा, गुरुजी, वाढवा."